दादाला हँड-फूट-माउथ, बाळाला पोलिओचे थेंब: विषाणूंची सरमिसळ खरंच होते का?

प्रश्न: आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी दहा आठवड्यांची आहे आणि बुधवारी नागरी आरोग्य केंद्रात तिचा पोलिओ, रोटा आणि पेंटाचा दुसरा डोस आहे. चार वर्षांच्या मुलाला नर्सरीतून हँड-फूट-माउथ झालाय. मिस्टरांच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. लसीतला जिवंत विषाणू आणि बाहेर फिरणारा विषाणू मुलांच्या पोटात एकत्र येऊन नवाच विषाणू तयार होतो, म्हणून परदेशात थेंब बंद केले, असं त्यात म्हटलंय. सासूबाई म्हणतात, दादा बरा होईपर्यंत थांबा. डोस पुढे ढकलू का? की खासगीत पैसे भरून फक्त इंजेक्शनं घेऊ?

उत्तर: बुधवारी डोस द्या. मुलीला स्वतःला जास्त ताप नसेल, ती दूध नीट पीत असेल आणि तिला जोराचे जुलाब नसतील, तर दादाच्या आजारासाठी थांबायचं कारण नाही.

आता मेसेजबद्दल. त्यातला विषाणू मिसळण्याचा भाग खरा आहे आणि तो लपवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. ‘काही होत नाही हो, द्या बिनधास्त’ एवढंच ऐकून घरी गेलेले आईवडील रात्री पुन्हा फोन उघडून बसतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी हे पाहा की बुधवारच्या डोसांपैकी जिवंत विषाणू कशात आहे. पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र इंजेक्शनात, नाही. त्यात जंतूंचे तुकडे, निष्प्रभ केलेली विषद्रव्यं आणि मारलेले जंतू असतात. ते कशातही मिसळू शकत नाहीत. पोलिओचं इंजेक्शन मारलेल्या विषाणूचं, त्यामुळे तिथेही प्रश्न मिटला. उरतात तोंडावाटे द्यायच्या दोन लसी, पोलिओचे थेंब आणि जुलाबांच्या रोटाविषाणूवरची रोटा. दोन्हींत दुर्बल पण जिवंत विषाणू असतो. तो बाळाच्या आतड्यात वाढतो आणि काही दिवस ते काही आठवडे शीतून बाहेर पडतो. त्यामुळे सरमिसळीचा प्रश्न या दोघांपुरताच आहे, आणि दोघांची तऱ्हा वेगळी आहे.

पोलिओपासून सुरुवात करू. पोलिओचा विषाणू म्हणजे आरएनएची एक सलग साखळी, सुमारे साडेसात हजार अक्षरांची. एकाच पेशीत एकाच वेळी दोन जवळचे विषाणू शिरले, तर नक्कल करणारं विकर एका साखळीवरून नक्कल करता करता मध्येच दुसरीवर उडी मारतं. फळ्यावरचं उतरवून घेणारा मुलगा अर्ध्यात शेजाऱ्याच्या वहीतून पुढचं उतरवायला लागतो ना, तसंच. तयार होणाऱ्या साखळीचा पुढचा भाग एकाचा, मागचा दुसऱ्याचा. यातल्या बहुतेक नकला निकामी निघतात, थोड्याच जगतात.

आणि हे दुर्मीळ अजिबात नाही. पोलिओच्या तीन प्रकारांची (टाईप १, २ आणि ३) मिळून जी जुनी लस होती, ती घेतलेल्या धडधाकट बाळांच्या शीमध्ये लसीतलेच दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले सापडत. १९८० च्या दशकापासून हे प्रयोगशाळांना माहीत आहे. तुम्ही, मी आणि आपल्या पिढीतल्या कोट्यवधी मुलांनी ती लस घेतली. आपल्या पोटात असे मिश्र विषाणू तयार झाले, शीतून गेले आणि संपले. ‘नवा विषाणू तयार होतो’ हे वाक्य वाचून अंगावर काटा येतो खरा, पण नवा म्हणजे अधिक घातक असं नसतं.

तुमच्या दादाचं बघू. पोलिओचा आणि हँड-फूट-माउथचा विषाणू एंटेरोविषाणू नावाच्या एकाच कुटुंबातले. या कुटुंबात गट आहेत. पोलिओ सी गटात मोडतो. हँड-फूट-माउथ करणारे नेहमीचे विषाणू म्हणजे कॉक्सॅकी ए१६, कॉक्सॅकी ए६ आणि एंटेरोव्हायरस ए७१. हे तिन्ही ए गटातले. निसर्गात टिकून राहणारी सरमिसळ जवळजवळ सगळी गटाच्या आतच होते. गट ओलांडून झालेली नक्कल सहसा चालतच नाही. लसीतून निघालेल्या ज्या पोलिओविषाणूंनी साथी पसरवल्या, त्यांतल्या मिश्र विषाणूंचे जोडीदार सी गटातले एंटेरोविषाणू होते. पावसाळा लागला की ठाण्यापासून वाशीपर्यंत नर्सरीच्या मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात फोड दिसायला लागतात. त्याच दिवसांत त्यांच्या लहान भावंडांना आम्ही थेंब देत असतो. त्या फोडांचं पोलिओच्या थेंबांशी नातं जुळत नाही.

सी गटाचे विषाणू आपल्याकडे नाहीत असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॉक्सॅकी ए१३, ए१७, ए२० असे कित्येक विषाणू उष्ण आणि दाट वस्तीच्या भागांत मुलांच्या पोटात बिनबोभाट राहतात. अनेकदा कसलाच त्रास होत नाही. डोळे येण्याच्या मोठ्या साथींमागे ज्याचा हात वारंवार सापडला, तो कॉक्सॅकी ए२४ चा प्रकारही याच गटातला. म्हणजे जोडीदार आसपास आहेत. मग दर वर्षी कोट्यवधी डोस देऊनही आपल्याकडे सतत साथी का येत नाहीत?

खरं उत्तर इथे आहे. लसीतला पोलिओविषाणू दुर्बल असतो तो मोजक्याच बदलांमुळे. आतड्यात वाढताना त्यातले काही बदल उलटतात. टाईप ३ मधला एक महत्त्वाचा बदल तर थोड्याच दिवसांत उलटतो. पण लसवंत बाळाच्या शरीरात तोवर प्रतिकारशक्ती उभी राहते, विषाणू संपतो, आणि शीतून बाहेर पडलेला विषाणू शेजारच्या ज्या मुलाकडे जातो त्यालाही लस मिळालेली असते. साखळी तिथेच तुटते. ती तुटली नाही, एका बिनलशीच्या मुलाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे असा वर्षभर किंवा जास्त फिरत राहिला, तर विषाणूला दोन गोष्टींना वेळ मिळतो: उलट फिरून जोर धरायला आणि वाटेत सी गटाचा जोडीदार गाठायला. प्रयोगशाळेत विषाणूच्या कवचातल्या व्हीपी१ नावाच्या जनुकाची अक्षरं मोजतात. त्यात वर्षाला साधारण एक टक्का बदल होतो, म्हणून बदल किती झाला यावरून तो विषाणू किती काळ फिरतोय हे कळतं. टाईप १ आणि ३ मध्ये एक टक्क्याहून जास्त बदल दिसला की त्याला लसजन्य पोलिओविषाणू म्हणायचं. टाईप २ साठी मोजपट्टी आणखी कडक आहे.

असा विषाणू साथ पसरवू शकतो हे जगाच्या ठळकपणे लक्षात आलं ते २०००-०१ मध्ये, हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक असलेल्या बेटावर. वीसेक मुलं लुळी पडली. विषाणू तपासला तर कवच लसीतल्या टाईप १ चं आणि मागचा भाग सी गटातल्या दुसऱ्याच विषाणूचा. त्या भागातलं लसीकरण फार ढिसाळ झालेलं होतं. साथ थांबवली कशाने? त्याच थेंबांनी, मोठी मोहीम राबवून. मादागास्करमध्ये २००१-०२ ला हाच प्रकार टाईप २ च्या बाबतीत झाला, आणि तिथल्या मुलांमध्ये फिरणाऱ्या कॉक्सॅकी ए१७ सारख्या विषाणूंशी त्याचं नातं जुळलं.

सरमिसळीमुळे विषाणू जास्त घातक होतो का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. जोर परत येतो तो मुख्यतः ते मोजके बदल उलटल्याने. सरमिसळीचा हातभार असू शकतो, पण बऱ्याचदा ती ‘हा विषाणू बराच काळ फिरलाय’ याची खूण असते. माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं. मात्र पालकांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं काय, तर या सरमिसळीत कवच बदलत नाही. लसीने तयार होणारी प्रतिपिंडं कवच ओळखतात. त्यामुळे मागचा भाग कोणाचाही असो, पूर्ण डोस झालेल्या मुलाची प्रतिपिंडं त्या मिश्र विषाणूलाही अडवतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे सोडून दिलंय. मिश्र विषाणूपासून मुलीला वाचवायचं असेल तर तिला लसच हवी.

टाईप २ चा उल्लेख दोनदा आला, तर तेही सांगून टाकते. साथीला कारण ठरलेल्या लसजन्य विषाणूंपैकी बहुतेक टाईप २ चे. निसर्गातला टाईप २ शेवटचा सापडला १९९९ मध्ये, आपल्याच अलीगढला. त्यानंतर त्या प्रकाराची लस देत राहणं म्हणजे नसलेल्या शत्रूसाठी धोका पत्करणं, असा हिशोब मांडला गेला. एप्रिल २०१६ मध्ये जगभर तो भाग लसीतून काढला. भारतात बदलाची तारीख २५ एप्रिल होती. आज तुमच्या मुलीला मिळणाऱ्या थेंबांत फक्त टाईप १ आणि ३ आहेत. या बदलाची दुसरी बाजूही आहे. आफ्रिकेत वगैरे जिथे लसीकरण तोकडं होतं, तिथे आधीपासून फिरणारा टाईप २ पुढे फोफावला. २०२० या एका वर्षात जगात हजाराहून अधिक मुलं त्याने लुळी पडली. त्यासाठी टाईप २ ची नवी लस बनवली. तिच्या आरएनएत मुद्दाम फेरफार केले, तो सहज उलटू नये म्हणून आणि सरमिसळ कमी व्हावी म्हणूनही. मार्च २०२१ पासून ती साथीच्या भागांत वापरतात. ती आधीच्यापेक्षा पुष्कळ स्थिर आहे, पण लसीकरण अर्धवट राहिलं तिथे तिच्यातूनही मोजक्या ठिकाणी लसजन्य विषाणू निघालेच.

आता ‘परदेशात थेंब बंद केले’ या वाक्याकडे. अमेरिकेने २००० पासून फक्त इंजेक्शन ठेवलं हे खरं. कारण मात्र वेगळं होतं. थेंबांमुळे क्वचित, अंदाजे २७ लाख डोसांमागे एखाद्याला, लसीनेच लुळेपणा येतो. ज्या देशात पोलिओ उरलाच नव्हता तिथे तेवढाही धोका नको, असं ठरलं. पण फक्त इंजेक्शनाला एक मर्यादा आहे. ते मुलाला लुळेपणापासून उत्तम वाचवतं. आतड्यात विषाणू वाढणं आणि पुढे पसरणं ते तितकंसं रोखत नाही. इस्रायलमध्ये इंजेक्शनाचं लसीकरण भरपूर झालेलं असूनही २०१३ मध्ये सांडपाण्यात निसर्गातला टाईप १ सापडत राहिला. एकही मूल लुळं पडलं नाही, पण विषाणू फिरत होता, आणि शेवटी तिथेही थेंबांची मोहीम घ्यावी लागली. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात लसजन्य टाईप २ सापडला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेला एक तरुण लुळा पडला. इंजेक्शनवाल्या देशांत.

म्हणून आपल्याकडे दोन्ही देतात. सरकारी वेळापत्रकात सहा आणि चौदा आठवड्यांना आणि जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यातही दंडावर कातडीत छोटं इंजेक्शन असतं. पहिलं तुमच्या मुलीला मिळालं असणार, माता-बाल कार्ड उघडून बघा. खासगीत सहा-इन-वन घेतलंत तर त्यातही मारलेला पोलिओ असतो. खुशाल घ्या, पण थेंब सोडू नका. आणि पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर न्यायचा कंटाळा करू नका. ‘आमचं सगळं प्रायव्हेटमध्ये पूर्ण झालंय’ असं सांगून दारावरून आशाताईला परत पाठवणारी घरं मला घोडबंदरच्या टॉवरमध्ये जेवढी भेटतात, तेवढी तुर्भ्याच्या वस्तीत भेटत नाहीत. राहून गेलेली मुलं बांधकामाच्या साईटवर असतात, गावाहून आल्या-गेलेल्या कुटुंबांत असतात, आणि आपल्या कॉम्प्लेक्समध्येही असतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि भिवंडीत गोवर उसळला तेव्हा हुकलेल्या डोसांचा हिशोब सगळ्यांना दिसला.

जाता जाता, गोवराच्या लसीबद्दल हीच भीती कोणी घातली तर ऐकू नका. गोवराचा विषाणू वेगळ्या घडणीचा आहे. त्याच्यात अशी सरमिसळ जवळपास होतच नाही. लसीतला प्रकार जनुकीयदृष्ट्या ए आणि आपल्याकडे फिरणारे डी८ सारखे. लसीनंतर पुरळ आलं तर ते कशामुळे हे प्रयोगशाळा सरळ सांगू शकते.

रोटाचं गणित निराळं. रोटाविषाणूचा जनुकसंच सलग नसतो, त्याचे अकरा सुटे तुकडे असतात. दोन रोटाविषाणू एका पेशीत शिरले की बाहेर पडणाऱ्या पिल्लावळीत याचे सात, त्याचे चार असे तुकडे सहज येऊ शकतात. गंमत म्हणजे आपल्या दोन्ही देशी लसी अशाच अदलाबदलीतून आल्या आहेत. रोटाव्हॅकमधला ११६ई हा विषाणू १९८० च्या दशकात दिल्लीत एम्समधल्या नवजात बाळांत सापडला. बाळांना जुलाब नव्हते, आणि त्या मानवी विषाणूत एक तुकडा गायीच्या रोटाविषाणूचा निघाला. निसर्गाने केलेली सरमिसळ हीच लस झाली. पुण्याच्या सीरमची रोटासिल याच तत्त्वावर प्रयोगशाळेत बांधली: गायीचा विषाणू आणि त्यावर कवचासाठी माणसाच्या विषाणूचा तुकडा.

मुलांच्या पोटात लसीचा रोटा आणि बाहेरचा रोटा यांची अदलाबदल होते का? होते. पाच घटकांच्या एका परदेशी लसीतले दोन घटक एकमेकांशी तुकडे बदलून तयार झालेला प्रकार ऑस्ट्रेलिया, फिनलंड आणि अमेरिकेत लसवंत बाळांच्या शीमध्ये सापडलाय. अमेरिकेत तर तो लस न घेतलेल्या मोठ्या भावंडापर्यंत पोहोचला आणि त्याला जुलाब झाले. निकाराग्वात जुलाब झालेल्या लसवंत मुलांच्या काही नमुन्यांत बाकी विषाणू बाहेरचा आणि एनएसपी२ हा एक तुकडा लसीतला निघाला. यावर नजर ठेवायला हवी, आणि ठेवतात. पण पोलिओसारखी साखळी धरून यातून साथ उभी राहिल्याचं आजवर समोर आलेलं नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. लस येण्यापूर्वी भारतात रोटाने वर्षाला सुमारे ७८ हजार पाच वर्षांखालची मुलं जात, असा अंदाज होता. थंडीच्या दिवसांत सलाईन लावलेल्या, डोळे खोल गेलेल्या बाळांनी भरलेला वॉर्ड ज्यांनी पाहिलाय त्यांना हा तराजू कुठे झुकतो ते सांगावं लागत नाही.

डोस थांबवायचा तो कधी, तर बाळाला स्वतःला ॲडमिट करण्याइतके जुलाब-उलट्या असतील तेव्हा रोटा. चार-सहा पातळ शी झाल्या आणि बाळ खेळतंय, यासाठी कोणताच डोस थांबत नाही. पोटात आधीच दुसरा एंटेरोविषाणू असेल तर पोलिओच्या थेंबांची लागण कमी होऊ शकते. म्हणजे डोस थोडा वाया जातो, बाळाला अपाय होत नाही. एका डोसावर विसंबायचं नाही, एवढाच त्यातून घ्यायचा अर्थ.

एक प्रश्न मात्र मी प्रत्येक आईला विचारते, तुम्हालाही विचारते. तुमच्या किंवा मिस्टरांच्या घरात कोणाचं बाळ वर्षाच्या आत वारंवार न्यूमोनिया होऊन किंवा कारण न कळता गेलंय का? बाळाच्या तोंडातली न हटणारी बुरशी, न थांबणारे जुलाब, वजन न वाढणं असं काही आहे का? घरात कोणी केमोथेरपीवर किंवा अवयव बदललेलं आहे का? जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांत लसीतला विषाणू संपत नाही, महिनोन्महिने वाढत राहतो. इंग्लंडमध्ये अशा एका माणसाच्या शीतून २८ वर्षं लसजन्य पोलिओविषाणू बाहेर पडत असल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. यांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर बुधवारी थेंब देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लसीतल्या विषाणूची मला खरी काळजी वाटते ती अशा घरांत, आणि नेमकं हे त्या मेसेजमध्ये नसतं.

सासूबाईंच्या शंकेचं. दादाला आणि बाळाला लांब ठेवा, पण ते थेंबांमुळे नाही. दादाचे फोड बाळाला होऊ नयेत म्हणून. आठवडाभर त्याचे पापे नकोत, बाटली-चमचा वेगळा. त्याच्या शीतून विषाणू फोड सुकल्यावरही काही आठवडे पडत राहतो, तेव्हा त्याला धुतल्यावर साबणाने हात धुणं चुकवू नका. थेंब दिल्यानंतर महिना-दीड महिना बाळाचा डायपर बदलल्यावरही तेच. सॅनिटायझरवर या विषाणूंच्या बाबतीत भरवसा ठेवू नका, साबण आणि वाहतं पाणी हवं. थेंब आणि रोटा देण्याआधी किंवा नंतर अंगावरचं दूध थांबवायची गरज नाही. रोटानंतर आठवड्याभरात बाळ कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, हिरवी उलटी किंवा शीमध्ये रक्त दिसतंय, असं झालं तर वाट न बघता रुग्णालय गाठा. आतडं आतड्यात शिरण्याचा प्रकार फार क्वचित होतो, पण वेळेत ओळखला तर सुटतो.

आणि लस घेतलेली असो वा नसो, १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर त्याच दिवशी दाखवायचं. त्याची नोंद आम्हाला करावीच लागते: २४ तासांच्या अंतराने शीचे दोन नमुने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, बर्फात ठेवून परळच्या विषाणू प्रयोगशाळेकडे. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ पासून तपासले जाताहेत तेही यासाठीच. २०२४ मध्ये मेघालयाच्या वेस्ट गारो हिल्समधल्या दोन वर्षांच्या मुलाचा लसजन्य विषाणू कळला तो याच नोंदीतून. असा नमुना मागायला कोणी आलं, तर ‘आमच्या मुलाला पोलिओ नाही’ म्हणून नाकारू नका. पोलिओ नाही हे ठरतं ते त्या डबीवरूनच.